व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र विद्यापीठात शिकण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की मुंबईतून, ठाणे-डोंबिवलीकडून आणि पनवेलच्या बाजूने विद्यार्थी आणि त्यांचे पालक या विषयाची चौकशी करू लागतात. फिजिओथेरपीच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना मी हा विषय शिकवते. दरवर्षी तेच ते प्रश्न येत असल्याने त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत.

हा विषय नेमका कशाचा अभ्यास करतो?

लोकल चुकू नये म्हणून स्थानकाच्या पुलाच्या चाळीस पायऱ्या धावत चढून गेलेला माणूस वर पोहोचल्यावर धापा टाकतो, त्याची छाती धडधडते, कपाळावर घाम येतो, आणि गाडीत टेकायला जागा मिळाली की काही मिनिटांत हे सारे आपोआप शमते. या थोड्या वेळात शरीरात काय घडले, कोणत्या क्रमाने घडले आणि किती प्रमाणात घडले, याचा हिशेब मांडणारे शास्त्र म्हणजे व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र.

हिशेब हा शब्द मी मुद्दाम वापरते. एक पायरी १५ सेंटिमीटर उंच धरली तर चाळीस पायऱ्यांची उंची ६ मीटर होते. ६० किलो वजनाच्या माणसाने स्वतःला तेवढे वर उचलले, म्हणजे सुमारे ३,५०० ज्यूल इतके कार्य केले. स्नायू मात्र खर्च झालेल्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्साच कामात उतरवतात आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, त्यामुळे शरीराचा खरा खर्च साधारण ४ किलोकॅलरी येतो. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांपुरते एटीपी, म्हणजे पेशीचे थेट वापरायचे इंधन, स्नायूत तयार असते, पुढच्या काही सेकंदांची भर ते झटपट पुन्हा बनवून देणारे क्रिएटिन फॉस्फेट घालते, त्याच वेळी ग्लायकोजेनचे, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचे, विघटन वेग घेते, आणि प्राणवायूवर चालणारी सावकाश पण दमदार यंत्रणा पूर्ण जोमात येईपर्यंत आपण वर पोहोचलेलो असतो. वर उभे राहून आपण ज्या धापा टाकतो, त्यांत या उसनवारीची फेड मोठ्या प्रमाणात असते.

विषयाचा दुसरा अर्धा भाग याहून अधिक रंजक आहे. तोच माणूस सहा महिने रोज त्या पायऱ्या चढत राहिला तर त्याचे हृदय, रक्त, केशवाहिन्या आणि स्नायूपेशींतील तंतुकणिका (प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारे पेशीचे भाग) बदलतात. हा बदल का होतो, किती दिवसांत होतो आणि सवय सुटली की किती लवकर ओसरतो, हे समजून घेण्यात पदवीची शेवटची वर्षे आणि पुढे अनेकांचे आयुष्य जाते.

शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी आणि क्रीडावैद्यक यांपासून हा विषय वेगळा कसा?

शारीरिक शिक्षणाची पदवी प्रामुख्याने शिक्षक आणि मार्गदर्शक घडवते. फिजिओथेरपिस्ट दुखापत किंवा आजारानंतर हालचाल परत मिळवून देतो. क्रीडावैद्यक ही डॉक्टरांची शाखा असून तिला एमबीबीएसचा पाया लागतो. व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्राचा जाणकार श्रमाला शरीर कसा प्रतिसाद देते ते मोजतो आणि त्या मोजमापावरून व्यायामाची मात्रा ठरवतो. हा विषय या तिन्ही अभ्यासक्रमांत एखाद-दुसऱ्या प्रश्नपत्रिकेपुरता असतोच, परंतु एका सत्रात उरकला जाणारा विषय आणि तीन-चार वर्षे ज्याच्याभोवती सारे शिक्षण फिरते तो विषय यांत फार अंतर आहे. त्यामुळे माहितीपुस्तिका हाती आली की पदवीच्या नावापेक्षा विषयांची यादी आणि प्रात्यक्षिकांचे तास आधी पाहावेत.

मुंबईत राहून हे शिक्षण घेता येते का?

येथे मी स्पष्ट लिहिते, कारण या प्रश्नावर अनेकांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. या विषयाची स्वतंत्र पदवी देणाऱ्या संस्था आपल्या देशात मोजक्या आहेत. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत क्रीडा व व्यायामविज्ञानाची पदवी आहे. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ सालची, आणि पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ सालची. या दोन्ही ठिकाणी शारीरिक शिक्षण आणि प्रशिक्षण यांच्या जोडीने हा विषय गांभीर्याने शिकवला जातो.

मुंबईत राहायचेच असेल तर विद्यार्थी सहसा वळणाचा रस्ता घेतात. सर्वांत रुळलेला मार्ग फिजिओथेरपीचा आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील फिजिओथेरपीची शाळा देशातील पहिली असून ती १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस उघडली. शीव आणि मुंबई सेंट्रल येथील महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही हे शिक्षण मिळते. ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि अभ्यासक्रम आंतरवासिता धरून साडेचार वर्षांचा राहत आला आहे. २०२१च्या कायद्यानुसार नेमलेल्या राष्ट्रीय आयोगामुळे कालावधी आणि विषयरचना यांत बदल होत आहेत, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच वर्षीची पुस्तिका वाचावी, मावसबहिणीच्या अनुभवावर विसंबू नये. पुढे पदव्युत्तर शिक्षणात क्रीडा किंवा हृदय-श्वसन ही शाखा घेतली की आपल्या विषयाशी गाठ पडते.

दुसरा मार्ग शरीरक्रियाशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र यांतील विज्ञान पदवीचा, आणि तिसरा आहारशास्त्राचा. तिन्ही मार्गांनी आलेले चांगले अभ्यासक मी पाहिले आहेत. जीवरसायनशास्त्राकडून आलेल्यांना स्नायूतील रासायनिक प्रक्रिया पटकन उमगतात, आणि फिजिओथेरपीकडून आलेल्यांचा माणसाच्या अंगाला हात लावताना संकोच होत नाही, एवढा फरक सुरुवातीला जाणवतो.

बारावीला कोणते विषय असावेत?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. फिजिओथेरपीचे राज्यातील प्रवेश नीट परीक्षेच्या आधारे होतात. गणित सक्तीचे नसले तरी ज्यांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकला त्यांची पहिल्या वर्षी दमछाक होते, कारण वायूंचे नियम, एककांची रूपांतरे आणि संख्याशास्त्र पुन्हा पुन्हा समोर येते.

मला स्वतःला खेळात गती नाही. तरी चालेल का?

चालेल. माझ्या आठवणीतील सर्वांत चोख मोजमाप करणारी विद्यार्थिनी शाळेत कधीही कोणत्या संघात नव्हती. तिला आकडा चुकलेला खपत नसे, आणि या विषयाला तेवढा हट्ट पुरतो.

वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाते?

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, सामान्य शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांचा पाया घातला जातो. त्यानंतर स्नायूंचे आकुंचन, ऊर्जानिर्मिती, हृदय व रक्ताभिसरण, श्वसन, संप्रेरके, उष्णतेचे नियमन, पोषण आणि हालचालींचे यांत्रिकी हे विषय येतात. शेवटच्या टप्प्यावर मधुमेह, हृदयविकार, वार्धक्य, गर्भारपण, उंचीवरील विरळ हवा अशा विशेष परिस्थितींतील व्यायाम शिकवला जातो.

या साऱ्यांना बांधणारे एक समीकरण आहे आणि ते जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८७० साली मांडलेल्या तत्त्वातून येते. शरीराने वापरलेला प्राणवायू म्हणजे हृदयाने मिनिटाला फेकलेले रक्त गुणिले धमनीतील आणि शिरेतील रक्ताच्या प्राणवायूमधील फरक. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते. खेळाची सवय नसलेल्या निरोगी तरुणाला जोरात पळवले की हा आकडा २० लिटरच्या आसपास जातो आणि दमश्वासाच्या अव्वल खेळाडूत तो ३५च्याही पुढे जातो. या समीकरणाच्या डाव्या बाजूचा सर्वोच्च आकडा म्हणजे कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता, जिला प्रयोगशाळेत सगळेच व्हीओटू मॅक्स म्हणतात. या क्षमतेला मर्यादा असते ही कल्पना १९२०च्या दशकात ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी पुढे आणली. १९२२चे नोबेल पारितोषिक त्यांना ऑटो मायरहॉफ यांच्यासोबत मिळाले होते. हिल स्वतःच्या पाठीवर रबरी कापडाची पिशवी बांधून, तिच्यात आपलाच उच्छ्वास साठवत मैदानावर धावले, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरचेही मान वर करून ऐकतात.

प्रयोगशाळेतील काम कसे असते?

पुस्तकातून हा विषय निम्मा कळतो आणि उरलेला प्रयोगशाळेत, म्हणून या उत्तराला जागा जास्त देते.

विद्यार्थी सकाळी येतो तेव्हा ज्याची चाचणी व्हायची त्याने दोन-तीन तास काही खाल्लेले नसावे, चहा-कॉफी टाळलेली असावी आणि आदल्या दिवशी जड व्यायाम केलेला नसावा. आधी वजन, उंची, रक्तदाब, मग संमतिपत्र. त्यानंतर यंत्र प्रमाणित करायचे. ३ लिटरची मोठी पिचकारी वेगवेगळ्या गतीने ओढून-ढकलून हवेचे आकारमान तपासले जाते, आणि ज्यात प्राणवायू १६ टक्के व कर्बवायू ४ टक्के आहे अशा माहीत असलेल्या मिश्रणाने वायुविश्लेषक जुळवून घेतला जातो. मग चेहऱ्यावर मास्क घट्ट बसवतात, छातीभोवती ठोके मोजणारा पट्टा बांधतात आणि ट्रेडमिल सुरू होते. ब्रूस यांच्या पद्धतीत पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ असा असतो आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. मास्क लावलेल्याला बोलता येत नाही, म्हणून समोर ६ ते २० आकड्यांचा बोर्ग यांचा तक्ता धरून किती श्रम वाटतात ते बोटाने दाखवायला सांगतात. बोट १७ वर गेले की खोलीत सगळे गप्प होतात आणि एक जण मागे हात पसरून उभा राहतो, कारण यानंतर कोणत्याही क्षणी पाय लटपटतात.

मुंबईत या कामाला एक वेगळी अडचण आहे आणि ती मी स्वतः विद्यार्थी असताना चांगलीच अनुभवली. एका ऑगस्टमध्ये आमच्या गटातील एका साध्याशा मुलाची क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला, आठवड्यापूर्वीच्या ४८ वरून एकदम ५५ मिलिलिटरवर गेलेली दिसली. आम्हाला आनंद झाला आणि आम्ही तो आकडा वहीत लिहूनही टाकला. चूक दुसऱ्या दिवशी सापडली. वायूचा नमुना विश्लेषकात जाण्याआधी ज्या नळीत कोरडा केला जातो, तिच्यातील निळे खडे ओल शोषून पार गुलाबी झाले होते आणि ते बदलायचे आम्ही विसरलो होतो. त्यामुळे नमुन्यात बाष्प शिरले, बाष्पाने प्राणवायूचे प्रमाण खाली ओढले, आणि यंत्राला वाटले की हा मुलगा फार प्राणवायू वापरतो आहे. संपूर्ण आठवड्याची नोंद बाद करावी लागली. तेव्हापासून खोलीचे तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता लिहिल्याशिवाय मी चाचणी सुरू करू देत नाही. श्वासाचे आकारमान शून्य अंश तापमान, प्रमाण दाब आणि कोरडी हवा या स्थितीत रूपांतरित केल्याखेरीज पुण्याचा आकडा मुंबईच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

स्वतःवर चाचणी करून घेणे सक्तीचे असते का?

नसते आणि नसावे. बहुतेक प्रात्यक्षिके विद्यार्थी एकमेकांवर करतात, परंतु संमती केव्हाही काढून घेता येते आणि कारण सांगावे लागत नाही. दमा, हृदयाची तक्रार, रक्तदाब, गर्भारपण यांची विचारणा आधी लेखी होते. मुलींना छातीचा पट्टा बांधण्यासाठी आडोसा आणि मदतीला बाई असणे हा त्यांचा हक्क आहे, उपकार नव्हे. प्रवेशापूर्वी प्रयोगशाळा पाहायला गेलात तर ही सोय आहे का ते निःसंकोचपणे विचारा.

पाठ्यपुस्तकातील आकडे आपल्या माणसांना लागू पडतात का?

काही पडतात, काही पडत नाहीत, आणि हा प्रश्न ज्याला सुचतो त्याने हा विषय जरूर घ्यावा असे मी म्हणेन.

विश्रांतीत शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरते असे सगळीकडे छापलेले असते. मूळ आकडा ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या एका पुरुषावरून रूढ झाला. पन्नाशीच्या, बैठे काम करणाऱ्या बाईला तो जसाच्या तसा लावला तर तिच्या चालण्याचा हिशेब चुकतो. २२० वजा वय हे कमाल ठोक्यांचे सूत्रही असेच आहे. १९७०च्या सुमारास अनेक जुन्या नोंदींमधून ढोबळमानाने ओढलेली ती एक रेषा होती. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसेक ठोक्यांचे अंतर सहज असू शकते. व्यायामशाळेच्या भिंतीवरील रंगीत तक्ता पाहून हृदयरुग्णाची मात्रा ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शरीराच्या घडणीचा मुद्दा तर आपल्या महाराष्ट्रातूनच जगापुढे गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतः दोघांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसात चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका चित्राने सांगितले. स्नायू कमी म्हणजे जेवणानंतर रक्तातील साखर सामावून घेणारी जागाही कमी, आणि मग मधुमेहाचा प्रश्न येऊन भिडतो.

रक्ताचेही तसेच आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या मुलीच्या १०० मिलिलिटर रक्तात जवळपास १९ मिलिलिटर प्राणवायू मावतो, तर १० ग्रॅम असलेल्या मुलीच्या रक्तात १३ मिलिलिटरच्या थोडासा वर. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ‘मला दम लागतो’ असे सांगणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे, हे माझे विद्यार्थी पहिल्या सत्रातच शिकतात.

आणि शेवटी आपली हवा. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तो ओघळून जमिनीवर पडतो, आणि ओघळलेला घाम शरीराला थंड करीत नाही. थंड कोरड्या देशात बेतलेले वेळापत्रक येथे मे महिन्यात वापरले तर तोच वेग हृदयाला कितीतरी जड जातो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्येसुद्धा उन्हे वर आल्यावर पेडर रोडचा चढ चढणाऱ्यांचे चेहरे पाहिले की हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

लॅक्टिक आम्लामुळे अंग दुखते, हे खरे का?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे दुखणे लॅक्टिक आम्लाचे नसते. व्यायामात वाढलेले लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचे शरीरातील रूप, साधारण तासाभरात मूळ पातळीवर येते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. उशिरा येणारे दुखणे स्नायू ताणला जात असताना जोर लावल्याने होणाऱ्या सूक्ष्म इजेचे आणि त्यानंतरच्या दाहाचे असते, म्हणूनच सिंहगड चढताना धाप लागते आणि उतरून आल्यावर दोन दिवस मांड्या धरतात. घाम जास्त आला म्हणजे चरबी जास्त वितळली, हाही असाच एक समज. तो घालवण्यासाठी विद्यार्थ्याला व्यायामाआधी, नंतर आणि पाणी प्यायल्यावर अशी तीन वेळा वजन करायला लावणे पुरते.

हा विषय फक्त खेळाडूंसाठी आहे का?

मुळीच नाही. या क्षेत्राला सार्वजनिक आरोग्यात स्थान मिळवून देणारे काम बसमध्ये झाले. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला. १९३७ पासून २०२३ पर्यंत बेस्टच्या डिझेलवरील दुमजली गाड्या पाहिलेल्या मुंबईकराला हे चित्र वेगळे समजावून द्यावे लागत नाही. हातात तिकिटांची पेटी, कमरेला पिशवी आणि धावत्या गाडीत त्या वळणाच्या जिन्यावर तोल सांभाळणारे मामा आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुढे मॉरिस यांच्याच गटाने गणवेशांची मापे तपासली तेव्हा चालकांचा कमरेचा घेर अधिक असल्याचे निघाले, त्यामुळे सारे श्रेय जिन्याला द्यायचे की नोकरीत शिरतानाच दोन गटांत फरक होता, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला. आपल्याच निष्कर्षाला असे पुन्हा तपासणे मला फार मोलाचे वाटते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील डॅलस शहराचे. १९६६ साली तेथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा मोजले, तर तीस वर्षांच्या वयवाढीने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात तेव्हा नातेवाईक परिचारिकेवर चिडतात. त्यांना समजावताना मी हेच उदाहरण देते.

योग आणि मल्लखांब यांना या अभ्यासात स्थान आहे का?

आहे, आणि या कामाची सुरुवातही आपल्याकडेच झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना उदरातील दाबावर काय परिणाम होतो, हे त्यांनी पाऱ्याचे दाबमापक आणि क्ष-किरण वापरून तपासले. मुंबईत त्यांची शाखा १९३२ पासून असून ती आता चर्नी रोडजवळ आहे. मल्लखांबावर मात्र अजून पुष्कळ काम करण्यासारखे आहे. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात, जेथे पद्मश्री उदय देशपांडे यांनी पिढ्यान्पिढ्या मुले घडवली, तेथे एखाद्या संध्याकाळी उभे राहून पाहावे. पकड आवळून स्थिर राहताना रक्तदाब वाढतो आणि उलटे झाल्यावर रक्ताचे वाटप बदलते. हे दोन्ही एकाच वेळी मोजणे कठीण आहे, कारण छातीचा पट्टा खांबावर घासून सरकतो. एखाद्या विद्यार्थ्याने या एका अडचणीवर तोडगा काढला तरी ते पदव्युत्तर प्रबंधाला पुरेसे काम होईल.

शिक्षणानंतर काम कोठे मिळते?

रुग्णालयांतील हृदय-पुनर्वसन विभाग, क्रीडा प्रबोधिनी आणि संघ, संशोधन प्रकल्प, अध्यापन, आणि मोठ्या कंपन्यांचे आरोग्य कार्यक्रम ही मुख्य ठिकाणे आहेत. आपल्याकडे ‘व्यायाम शरीरक्रियातज्ज्ञ’ या नावाने जाहिराती क्वचित निघतात, त्यामुळे जोडीला फिजिओथेरपी, आहारशास्त्र किंवा प्रशिक्षणाची पात्रता असणे व्यवहाराचे ठरते. ऑस्ट्रेलियात या व्यवसायाला औपचारिक मान्यता आहे. तेथे चार वर्षांच्या विद्यापीठीय शिक्षणानंतर नोंदणी होते आणि दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांना डॉक्टर या तज्ज्ञांकडे पाठवतात. अमेरिकेत १९५४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेची प्रमाणपत्रे ओळखली जातात आणि त्यांच्या परीक्षा भारतीय विद्यार्थीही देतात. परदेशी पदवीसाठी कर्ज काढण्याआधी, परत आल्यावर येथे रुग्णांसोबत काम करण्याची मान्यता कोणत्या नोंदणीखाली मिळेल, हे लेखी विचारून घ्यावे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना जड जाते का?

पहिले सत्र जड जाते, हे मी लपवणार नाही. पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत असतात. परंतु कामाचा मोठा भाग रुग्णांशी आणि खेळाडूंशी बोलण्याचा आहे. गिरणगावातील आजोबांना ‘चालताना गाणे म्हणता येणार नाही पण बोलता येईल इतक्या वेगाने चाला’ असे सांगणारा विद्यार्थी त्यांच्याकडून जे करून घेतो, ते आकड्यांत बोलणाऱ्याला साधत नाही. एक उपाय सुचवते. प्रत्येक नवी संज्ञा प्रथम मराठीत, स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहून समजावून घ्यावी आणि मगच इंग्रजी व्याख्या पाठ करावी.

प्रवेश मिळेपर्यंतच्या सुट्टीत काय करावे?

नाडी मोजायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवा, अंगठा वापरू नका, कारण त्याला स्वतःची नाडी असते. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण एक मिनिट मोजून आकडा वहीत लिहा. संध्याकाळी सोसायटीच्या जिन्याची एकच पायरी घ्या, तिची उंची पट्टीने मोजा, आणि मिनिटाला २२ ते २४ वेळा चढउतार होईल अशा ठेक्यात तीन मिनिटे करा. दुखणे किंवा चक्कर जाणवली तर लगेच थांबा. थांबल्यावर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटाची नाडी लिहा. घरातील आणखी दोघांची, शक्य तर एका मोठ्या माणसाची, विश्रांतीची नाडीही नोंदवा. शेजारी वेळ, झोप, चहा घेतला होता का आणि त्या दिवशी पाऊस होता का, हेही लिहा. सहा आठवड्यांत वहीत दीडशेहून अधिक आकडे जमतील आणि त्यांतील काही एकमेकांशी जुळणार नाहीत. ते खोडू नका. पहिल्या प्रात्यक्षिकाला येताना ती वही तशीच घेऊन या.